आमच्या सिनेमाचा शेवट ओगावा-सानांकडे अडकला होता

शाळेच्या दारातल्या स्टँडमध्ये विसरलेल्या छत्र्या साठत जातात ना, तसे आमच्या फिल्म क्लबचे किस्से साठलेत. सिनेमा जेमतेम वीस मिनिटांचा, किस्से मात्र संपत नाहीत. मी चारचौघांत फारशी बोलत नाही, म्हणून क्लबने मला लक्ष ठेवायचं काम दिलं. आधीच्या शॉटमध्ये कप कुठल्या हातात होता, शर्टाची कॉलर सरळ होती का, हे बघायचं. असं नुसतं बघत बसणाऱ्याला नको ते सगळं दिसतं!

सिनेमा होता तुरुंगातून सुटलेल्या माणसाचा. तो सुटतो, काम शोधतो आणि शेवटी बहिणीच्या दारात जाऊन उभा राहतो. आमच्या जपानी शाळेच्या सांस्कृतिक महोत्सवात तो दाखवायचा होता. लेखिका आणि डायरेक्टर एकच, मिओ. वय सोळा. तुरुंगाचा अनुभव शून्य. आत्मविश्वास मात्र जन्मठेप भोगून आल्यासारखा!

*

हीरो चाळिशीचा. क्लबमध्ये मुलगा एकच, हारुतो, आणि त्याला थिएटरच्या खिडकीवर अजूनही न विचारता प्राथमिक शाळेतल्या मुलांचं तिकीट देतात. मिओने आयब्रो पेन्सिलने त्याला दाढी रंगवली.

पहिला सीन, सुटकेनंतरचं पहिलं रामेन. वाटीतून इतकी वाफ येत होती की दाढी विरघळली आणि थेंब थेंब सूपमध्ये पडायला लागली. हारुतो घाबरून तसाच खात राहिला. गालांवर काळे ओघळ, डोळ्यांत पाणी. रामेन तिखट होतं.

मी हळूच म्हटलं, "मिओ, दाढी जातेय."

"गप बस!" ती कॅमेऱ्यामागून कुजबुजली. "पश्चात्ताप आहे तो!"

*

मग हीरोला बेंतोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या, दुकानात नोकरी लागते. ग्योतोकु स्टेशनजवळ नोगुची-सान नावाच्या एका आजींचं असं दुकान आहे. आम्ही शूटिंगची परवानगी मागायला गेलो. विषय ऐकून त्यांनी आत हाक मारली.

"ओगावा-सान! ही पोरं तुरुंगावर सिनेमा काढतायत. तुम्ही जाऊन आलाय ना? या बाहेर!"

जणू ते ओसाकाला जाऊन आले होते!

हातात झारा घेऊन एक बारीकसे, पन्नाशीचे गृहस्थ बाहेर आले आणि त्यांनी वाकून नमस्कार केला. आम्ही सगळे भिंतीला चिकटलो. मिओ सोडून.

"कसं असतं तिथे?"

ते नीट विचार करून म्हणाले, "जेवण वेळेवर असतं."

"तुम्हाला बहीण आहे?"

"आहे. मोठी. इथून तीन स्टेशनं पुढे राहते."

"सुटल्यावर तिची बेल वाजवलीत?"

ओगावा-सान झाऱ्यातून तेल निथळताना बघत राहिले. "सुट्टीच्या दिवशी जातो. तिच्या दारापर्यंत. बेलपाशी बोट नेतो आणि परत येतो."

"मग मी शेवट कसा करू?" मिओ वैतागली. "हीरोने बेल वाजवायची की नाही, तेच सुचत नाहीये मला!"

"मलाही तेच सुचत नाहीये," ओगावा-सान म्हणाले.

"असं करू. तुम्ही वाजवलीत तर आमचा हीरो वाजवेल, नाहीतर नाही. पण महोत्सवाच्या आधी काय ते ठरवा. मला एडिटिंग करायचंय!"

मला जमिनीत जावंसं वाटलं. नोगुची-सान मात्र खूश. "मी इतके दिवस हेच सांगतेय. माझं ऐकत नाहीत, निदान एडिटिंगचं तरी ऐका!"

*

तुरुंगाचा गार्ड म्हणून आमचे बाबा. पुण्याहून इथल्या आयटी कंपनीत आले त्याला बरीच वर्षं झाली. शाळेच्या मैदानाचं मागचं गेट म्हणजे तुरुंगाचं गेट. बाबांना एकच वाक्य होतं, तेही दरडावून म्हणायचं: "पुन्हा इथे दिसू नकोस!"

अ‍ॅक्शन! गेट उघडलं, हारुतो बाहेर पडला, आणि बाबांच्या अंगात ऑफिस शिरलं. ते कमरेत वाकले आणि शुद्ध, अतिनम्र जपानीत म्हणाले, "आपण इतकी वर्षं फार कष्ट घेतलेत. यापुढेही असाच लोभ असावा!"

हारुतोही सवयीने वाकला. मग बाबा अजून वाकले. क्लायंट वळणाआड जाईपर्यंत मान वर करायची नाही, हा बाबांचा नियम. आणि समोरचा वाकलेला असताना आपण जायचं नाही, हे हारुतोच्या आईचं वळण. कैदी सुटायलाच तयार नाही!

ओगावा-सानांनी हा शॉट मिओच्या फोनवर बघितला. "असा निरोप मिळाला असता," ते म्हणाले, "तर मी परत गेलो असतो."

*

एडिटिंगची वेळ जवळ आली, तरी ओगावा-सानांचं बोट बेलच्या अलीकडेच. मिओने ठरवलं, दोन्ही शेवट शूट करून ठेवायचे. दार आमच्या फ्लॅटचं. आईला सांगायचं काम बाबांकडे होतं. बाबा विसरले.

इथे घरात टीव्ही असला तर त्याची फी मागायला माणसं दारोदार येतात. आमच्या इमारतीतल्या सगळ्या मराठी घरांनी त्यांच्यासाठी एक जपानी वाक्य पाठ केलेलं आहे.

हारुतोने बेल वाजवली. आत मराठी मालिकेतली सासू फुल व्हॉल्यूमवर सुनेला घराबाहेर काढत होती. इंटरकॉमवर आई कडाडली, "आमच्याकडे टीव्ही नाही!"

हारुतो भूमिकेत इतका बुडाला होता की रडवेल्या आवाजात म्हणाला, "ताई... मी आलोय."

"ताईपण नाही!"

दुकानात मिओच्या फोनवर हे बघून ओगावा-सान एप्रनने डोळे पुसेपर्यंत हसले. मग एकदम थांबले. "आणि माझी बहीण असंच म्हणाली तर?"



"तर परत या," नोगुची-सान आतून म्हणाल्या. "बटाटे सोलायचे आहेत."

*

महोत्सवाच्या आठवड्यात दुकान एक दिवस बंद होतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही थेट तिथे. ओगावा-सान कटलेट तळत होते.

"गेला होतात?" मिओने विचारलं.

"गेलो होतो. वाजवली."

"मग?" हे मी विचारलं, आणि इतक्या मोठ्यांदा की सगळे माझ्याकडेच बघायला लागले.

"सकाळची वेळ होती. तिने दार उघडलं. माझ्याकडे बघत राहिली."

"काही बोलली की नाही?"

"तिच्या हातात कचऱ्याची पिशवी होती. म्हणाली, 'आज प्लास्टिकचा कचरा न्यायचा दिवस आहे. आलाच आहेस तर ही खाली ठेवून ये.'"

"इतक्या वर्षांनी? एवढंच?" मिओ किंचाळली. "आणि तुम्ही काय केलंत?"

"ठेवून आलो."

"मग?"

ओगावा-सानांनी कटलेट उलटलं.

"मग वर गेलो, तर तिने दुसरी पिशवी भरून ठेवली होती."