शेवटच्या बाकावरचा न्हावी

केस पांढरे झाले, दाढा पडल्या, नातवंडं मांडीवर खेळायला लागली, तरी सगळी मंडळी त्याला धाकटाच म्हणायची. थोरला होता म्हणून हा धाकटा. दोघा भावांचं मिळून केस कापायचं दुकान होतं, दोन खुर्च्यांचं. एकीमागे थोरला उभा, दुसरीमागे हा. गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "थोरला मोकळा आहे की धाकटा?" ते नाव दुकानातून चर्चमध्ये गेलं आणि चर्चमधून थेट सासुरवाडीला. सासऱ्यानेच जावयाला धाकटा म्हणावं, मग इतरांना काय बोलणार?

शनिवारी दुपारी, म्हणजे ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी, तो दुकान बंद करून निघायचा. पिशवीत वस्तरा, ब्रश, साबण, तुरटीचा खडा आणि धुतलेले टॉवेल. चर्चच्या मंडळीतली जी माणसं अंथरुणाला खिळली होती, त्यांच्या घरी जाऊन त्यांची दाढी करायची, केस कापायचे, कानातलेसुद्धा. घेणं काही नाही, चहा मिळाला तर मिळाला. बायको म्हणायची, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो म्हणतात. आमचा भरल्या दुकानातून उठून जातो."

पण झोपलेल्या माणसाची दाढी करणं हा काही पोरखेळ नाही. खुर्चीतला माणूस मान वर करतो, गाल फुगवतो. पलंगावरच्याचं कातडं लोंबतं, फेस कानात जातो आणि पाणी उशीत. धाकटा हनुवटीखाली टॉवेलची घडी लावायचा, डाव्या अंगठ्याने गाल ताणायचा आणि वस्तरा चालवताना सतत बोलत राहायचा, म्हणजे माणूस दचकू नये. एक जुना ड्रायव्हर होता, तो पडल्या पडल्या हुकूम सोडायचा, "डावीकडे घे, सावकाश, आता ब्रेक मार." एका म्हाताऱ्या मास्तरांना डोळ्यांनी दिसत नव्हतं, तरी दाढी झाली की आरसा मागायचे. धाकटा आरसा धरायचा आणि सांगायचा, "सर, आज नवरदेव दिसताय." मग दोघं डोळे मिटून छोटीशी प्रार्थना करायचे आणि धाकटा पुढच्या घरी जायचा.

हे सगळं रविवारसाठी. रविवारची उपासना आटोपली की चर्चचे पाळक आजाऱ्यांच्या घरी जात, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी तर प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या नावाने वाटायचा पाव, घेऊन. प्रभू अंतःकरण बघतो हे धाकट्यालाही ठाऊक होतं. पण मोठा पाहुणा यायचा तर माणूस निदान तोंड तरी धुतो, असं त्याचं म्हणणं.

आणि जो दुसऱ्यांना त्या भोजनासाठी तयार करायचा, तो स्वतः मात्र त्याला शिवत नव्हता. शेवटच्या बाकावर बसायचा. पावाच्या तुकड्यांचं ताट हातोहात मागे यायचं. त्याच्याकडे आलं की तो ते दोन्ही हातांनी घ्यायचा, क्षणभर धरायचा आणि शेजाऱ्याकडे द्यायचा. तुकडा केवढा, तर नखाएवढा. घरी अख्खा पाव पडलेला असायचा. पण भूक होती ती त्या तुकड्याची, आणि ती दुसऱ्या कशाने भागत नव्हती. उपासना सुटल्यावर लोक दारात हसत-बोलत उभे राहायचे, आणि हा लग्नघरातून न जेवता निघाल्यासारखा भिंतीकडेने घरी जायचा.

कारण ताट फिरण्याआधी पाळक दर वेळी सांगायचे, की भावाशी बिनसलं असेल तर आधी जाऊन समेट करा आणि मग या. बाकीच्यांना ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या सासवा-सुना मांडीला मांडी लावून बसायच्या आणि खुशाल ताट पुढे करायच्या. धाकट्याने मात्र ते शब्द मनाला लावून घेतले होते. थोरल्याशी त्याचं बोलणं तुटून पाच-सहा वर्षं झाली होती.

तुटलं ते वहिनीवरून. आई गेली तेव्हा धाकटा शाळेत होता. त्याला जेवू घातलं, मारलं, कुरवाळलं ते वहिनीने. धंदा शिकायला लागला तेव्हा फुगा फुगवून, त्याला साबणाचा फेस फासून, त्यावर वस्तरा चालवायला तीच लावायची. फुगा फुटला की "गेला बिचारा" म्हणायची आणि दुसरा फुगवायची. तिच्या शब्दाबाहेर दोघे भाऊ नव्हते. ती होती तोवर त्या घराला घरपण होतं.

ती आजारी पडली आणि थोरल्याने प्रार्थना धरली. थोरला म्हणजे मंडळीतला प्रार्थनेचा माणूस. कुणाचं मूल तापलं, कुणाची नोकरी गेली, की आधी त्याला बोलावणं जायचं. त्याने उपास धरला, दाढी वाढवली, तिच्या पलंगाशी गुडघे टेकले, आणि डॉक्टरचं नाव काढू देईना. प्रभू बरं करील, म्हणाला. धाकट्याच्या डोळ्यांदेखत वहिनी वाळत चालली. शेवटी एका दुपारी, थोरला चर्चमध्ये तिच्यासाठीच प्रार्थनेला गेला असताना, धाकट्याने गाडी आणली आणि तिला दवाखान्यात नेलं. थोरला तिकडे फिरकला नाही. दोन-तीन दिवसांत ती गेली. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. मग म्हणाले, तरी काही सांगता आलं नसतं. डॉक्टर काय, दोन्ही बोलतात.

तिला न्यायला थोरला आला, तेव्हा दवाखान्याच्या दारातच भाऊ समोरासमोर आले. धाकटा बोलून गेला, "तुझ्या प्रार्थनेने मारलं तिला."

थोरला एवढंच म्हणाला, "माझ्या दारात येऊ नकोस."

त्यानंतर थोरल्याने दुकान सोडलं. चर्चला यायचा, पण पुढे उभं राहून प्रार्थना करणं बंद झालं. पाळकांनी विनवलं तर नुसती मान हलवायचा. धाकट्याला शेवटच्या बाकावरून ती मान मागून दिसायची. भलत्याच कुठल्या न्हाव्याने कापलेले केस, एका बाजूला उतरते. तेवढ्यानेही धाकट्याचं काळीज हलायचं. वाटायचं, उठावं, पुढे जावं, म्हणावं, दादा, चल दुकानात, हे सरळ करतो. पण तो बसून राहायचा. येऊ नकोस म्हणाला होता ना? मग ये असंही त्यानेच म्हणावं. हे एवढं एक वाक्य यावं म्हणून तो वाट बघत होता.

आणि अशातच थोरल्याला अर्धांगाचा झटका आला. डावं अंग गेलं, बोलणं जड झालं. पाळक दुकानात येऊन म्हणाले, "शनिवारच्या घरांत एक घर वाढलंय, बरं का."

"त्याने बोलावलं तर जाईन, साहेब," धाकटा म्हणाला.

बोलावणं आलं नाही. आली ती पुतणी, थोरल्याची मुलगी, बापाची सेवा करून पार सुकलेली. खुर्चीच्या कडेवर टेकली आणि म्हणाली, "काका, बाबांची दाढी फार वाढलीय. दूध पाजलं की त्यात अडकतं, मग वास मारतो. दुसरा न्हावी आणला तर तोंड फिरवून घेतात."

"माझं नाव काढतात?"

"नाही."

"मग?"

"मग काय, काका? सांगावंसं वाटलं, सांगितलं."

त्या दिवशी घरी तो ताट बाजूला सारून बसला. बायकोने ताट पुढे सरकवलं आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं बोलून टाकलं. "तुम्ही ना, प्रभूवर उपकार केल्यासारखे उपाशी बसता. मंडळीत कौतुक होतं, बघा किती काटेकोर माणूस! अहो, प्रभूने जा म्हणून सांगितलंय. बोलावणं येईपर्यंत बस, असं कुठे सांगितलंय?"

"दारात येऊ नकोस म्हणालाय तो."

"आणि तुम्ही काय म्हणाला होतात?"

बायकोने नाडी बरोबर पकडली होती. रुसून बसलेल्या माणसाला पोटात कावळे ओरडत असले तरी उठवत नाही, तसं त्याचं झालं होतं. रुसवा भावावरचा, आणि उपाशी राहिला तो प्रभूच्या घरी.

पुढचा रविवार महिन्याचा पहिला होता. पाळकांनी नेहमीचे शब्द सांगितले, ताट निघालं. बाकाबाकावरून मागे येऊ लागलं. धाकट्याने ते दोन्ही हातांनी घेतलं, शेजाऱ्याला दिलं, आणि उठला. बाक करकरला, माना वळल्या. कुणाला वाटलं चक्कर आली, कुणाला वाटलं पोट बिघडलं. तो चर्चबाहेर पडला, दुकान उघडलं, पिशवी घेतली आणि भावाच्या घराकडे चालायला लागला. हाकलून दिलं तर काय, हे त्याने मनात ठरवून टाकलं होतं. दाराबाहेर उभं राहायचं, पण आज परत यायचं नाही.

पुतणीने दार उघडलं आणि बाजूला झाली.

खोली लहान, खिडकीशी पलंग, खुर्चीवर औषधांच्या बाटल्या. थोरला उशीला टेकून पडला होता. दाढी गळ्यापर्यंत, डाव्या बाजूला तोंड ओघळलेलं. त्याने धाकट्याकडे पाहिलं. मग जड जिभेने विचारलं, "उपासना सुटली?"

"नाही. मधून उठून आलो."

"का?"

"दाढी करायला."

थोरल्याने तोंड भिंतीकडे केलं. पण जा म्हणाला नाही. तेवढ्यावर धाकट्याने पिशवी उघडली.

पुतणीने गरम पाणी आणलं. त्याने आधी कात्रीने दाढी उतरवली, मग ब्रश फिरवून फेस केला. एरवी प्रत्येक घरी बडबडणारा माणूस, पण इथे शब्द फुटेना. उजवा गाल झाला. डाव्या गालाला जीव नव्हता. त्याने कातडं ताणून धरलं. वस्तरा त्याने खाली ठेवला.

"दादा, त्या दिवशी मी जे बोललो..."

"खरं बोललास."

"नाही रे."

"खरंच होतं ते," थोरला एकेक शब्द ओढून काढत होता. "रोज तेच डोक्यात येतं. मीच अडवलं तिला. म्हणून ती गेली तुझ्याबरोबर. मला न सांगता गेली. माझ्या प्रार्थनेवरचा विश्वास उडाला होता तिचा. मग मी कुठल्या तोंडाने मागू प्रभूकडे?"

धाकट्याला धक्का बसला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, भाऊ रागावून बसलाय. तो तर त्याचंच वाक्य खरं मानून बसला होता.

"दादा, ऐक. ती तुझी वाट बघत होती."

थोरल्याचा उजवा डोळा वळला.

"दार वाजलं की बघायची. शेवटच्या संध्याकाळी मला जवळ बोलावलं. म्हणाली, धाकट्या, त्यांना निरोप दे. म्हणावं, मी औषध घेतेय, तुम्ही प्रार्थना सोडू नका, मला दोन्ही लागतंय. आणि म्हणाली, भेटायला दाढी करून या म्हणावं, नाहीतर असल्या अवतारात नर्स आत सोडायची नाही." धाकट्याने बाहीने डोळे पुसले. "सकाळी तुझ्याकडे यायचं ठरवलं होतं मी. सकाळ व्हायच्या आत ती गेली. मग तू दारात दिसलास, आणि तिचा निरोप राहिला, माझंच बोलून गेलो. नंतर तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. मला माफ कर, दादा."

थोरल्याला रडू आलं, ते चेहऱ्याच्या एकाच बाजूला. फेसातून पाणी ओघळलं.

"दोन्ही लागतंय म्हणाली?"

"हो."

"हसत होती?"

"हसत होती रे."

धाकट्याने पलंगाच्या कडेवर डोकं टेकलं. थोरल्याचा चालता हात त्याच्या डोक्यावर आला आणि तिथेच राहिला. दोघांनाही ती हवी होती, फार हवी होती. इतकी वर्षं एक इकडे तिच्यासाठी झुरत होता आणि एक तिकडे.

दारात चाहूल लागली. उपासना संपवून पाळक आले होते, हातात झाकलेलं ताट. आतला देखावा बघून ते थबकले. "मी नंतर येऊ का?"

"नाही, साहेब. थांबा," थोरला म्हणाला. "दोघांना द्या. पण थोडं थांबा."

त्याने डोक्यावरचा हात काढला, गळ्याखालचा टॉवेल वर ओढला आणि हनुवटी उचलली.

"ऊठ. अर्धी राहिलीय," तो भावाला म्हणाला. "नीट कर. तिने दाढी करून यायला सांगितलंय."