कानसेनचा कान

तळ्याकाठच्या शेडमधल्या मिस्त्रीला सगळे कानसेन म्हणायचे. पाण्यावरच्या स्कूटरी दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली, आणि तपासायची रीत एकच. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. "तिसरा सिलिंडर आळशी झालाय," म्हणायचा, आणि उघडून बघावं तर तिसराच! बाकीचे मिस्त्री जळायचे. जळेनात का, ते कसब कमवायला तीस वर्षं त्या गोंगाटात काढावी लागतात.

पण त्याच गोंगाटानं कान खाल्ले, त्याचं काय? दोन वर्षांपूर्वी आधी घड्याळाचा गजर ऐकू येईनासा झाला, मग दाराची घंटा. जाडे आवाज यायचे, बारीक गायब. बायको एकदा म्हणाली, "अहो, डॉक्टरला कान दाखवून या." तर हा तिच्यावरच खेकसला, "तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस!" कानसेन बहिरा झाला हे कळलं असतं तर उद्यापासून कोण स्कूटर आणणार होतं त्याच्याकडे? आणि मुलीला कोणत्या तोंडानं सांगणार?

मुलगी त्याच तळ्यावर जीवरक्षक होती. त्या सकाळी ती बचावाची स्कूटर घेऊन आली. "बाबा, हिची ताकदच गेलीये. पाच-सात मिनिटं झकास पळते, मग एकदम रांगायला लागते. आणि मधे काहीतरी वाजल्यासारखं वाटलं, वाऱ्यात नीट कळलं नाही. तुम्ही ऐकून बघा ना."

ती गेली. शेडमध्ये तो एकटाच. पाण्याची नळी जोडून त्यानं ट्रॉलीवरच इंजिन चालू केलं, बराच वेळ चालू ठेवलं, स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले. नेहमीची घरघर आली. बाकी काही नाही. प्लग काढून बघितले तर काळे. आता वापरातल्या स्कूटरचे प्लग काळे नसतात तर काय असतात? पण त्याला काहीतरी सापडायला हवं होतं. नवे घातले आणि हात पुसले.

दुपारी मुलगी न्यायला आली. "नीट ऐकलंत ना?"

"ऐकलं की! प्लग गेले होते. बापाला शिकवतेस होय गं?"

ती हसली. तिचा त्याच्या कानावर स्वतःपेक्षा जास्त विश्वास होता.

तासाभरात तळ्याच्या मध्यावर पायडलची बोट उलटली. नवरा-बायको. दोघांनीही उकडतं म्हणून लाइफ जॅकेट काढून ठेवलेली. मुलीनं बुडणाऱ्या बाईला आधी काठावर आणलं, कारण नवरा बोटीला धरून होता आणि तोच ओरडत होता, "आधी तिला घ्या!" दुसऱ्या फेरीत निम्म्या वाटेवर स्कूटर रांगायला लागली. मुलगी जीव तोडून ओरडत राहिली, "धरून ठेवा, आले!" शेवटी उडी मारून पोहत सुटली. तिच्या डोळ्यांदेखत त्याचा हात सुटला.

पाणबुडे त्याला शोधत होते. त्याच्या बायकोला कुणीतरी चादरीत गुंडाळून शेडच्या दारातल्या बाकावर बसवलं होतं. स्कूटर पुन्हा ट्रॉलीवर आली. मुलगी ओल्या कपड्यांनी भिंतीला टेकून उभी होती. कानसेननं इंजिन चालू केलं, स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे गच्च मिटले. अरे बोल, काहीतरी बोल, असं तो मनात म्हणत होता. घरघर, नुसती घरघर.

डोळे उघडले तेव्हा बाकावरच्या बाईनं दोन्ही कान हातांनी दाबले होते.

"ती शिटी बंद करा हो," ती रडत म्हणाली. "कधीची वाजतेय."

इंजिन तापलं की ही स्कूटर आधी शिटी देते आणि मग आपणच वेग तोडते. धोक्याचा दिवा वर्षापूर्वीच गेला होता, उरली होती ती शिटी. इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या बारीक नळीत वाळू अडकलेली. दहा मिनिटांचं काम होतं. सकाळीही ती अशीच वाजली असणार, त्याच्या कानापाशी.

मुलीनं पुढे होऊन इंजिन बंद केलं आणि बापाकडे बघितलं. तिचे ओठ हलले. "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली," तो म्हणाला.

बाकावरच्या बाईनं कानांवरचे हात काढले होते. तिलाही ते ऐकू गेलं.