वाकलेली जाळी

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका बाईंना चष्मा घालून दाखवत होतो. "नाकावर नीट बसतोय का बघा," असं म्हणतोय आणि खिशात फोन थरथरतोय. उचलला तर आप्पांची सून. "काका, आप्पा गेले हो... नाष्टा केला, ओट्यावर जाऊन बसले, आन् बसल्या जागीच..." मी त्या बाईंना म्हणालो, "ताई, उद्या या." त्या बिचाऱ्या नवा चष्मा तसाच डोळ्यांवर ठेवून निघून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर राहिलेला जुना न्यायला परत आल्या. आप्पांच्या गावी, निमोण्याला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, ती म्हणजे मी आप्पांशी खोटं बोललो होतो.

पाचच दिवसांपूर्वी ते शिरूरला दुकानात आले होते. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी, ताठ पाठ. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, चहासुद्धा सावधानमध्ये बसून प्यायचा. चहा संपवला, कप बशीत उलटा घातला आणि विचारलं, "शौकत, ती जाळी टाकली का?" मी म्हणालो, "टाकली की आप्पा, कवाच!" जाळी तेव्हा काउंटरच्या खालच्या कप्प्यात होती, त्यांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर. ते म्हणाले, "शाब्बास." आणि गेले. ते 'शाब्बास' मला अजून पचलेलं नाही. हा लेख मी लिहायला घेतला तो खरं म्हणजे त्यासाठीच.

कसली जाळी, ते आता सांगतो. आप्पांची नोकरीची बरीच वर्षं लडाखात गेली. तिथं हिवाळ्यात तळी गोठतात आणि जवान त्यावर हॉकी खेळतात. आपल्या हॉकीसारखा चेंडू नसतो, रबराची जाड चकती असते, आणि ती बर्फावरून अशी सुटते की बघणाऱ्यानं आधी अंग चोरावं. निमोण्याचा कांदेवाल्याचा पोरगा तिथं जाऊन हे शिकला. निवृत्त होऊन गावी आला, कांदा लावला, विहिरीवर मोटर बसवली, पण पाय काही स्वस्थ बसेनात. आता शिरूर तालुक्यात बर्फ मिळणार तो फक्त उसाच्या गुऱ्हाळात! मग आप्पांनी चाकांचे बूट आणले आणि गुळगुळीत फरशी शोधायला लागले.

फरशी मिळाली दौंडला. तिथल्या मोहनरावांचं मंगल कार्यालय आहे. रेल्वेतून निवृत्त होऊन बांधलेलं, लांबच लांब, फरशीत चेहरा दिसावा असं. चातुर्मासात मुहूर्त नसतात, कार्यालय रिकामं. म्हणून आमच्या हॉकीचा हंगाम आषाढात सुरू व्हायचा आणि तुळशीचं लग्न लागलं की बंद. जगात दुसरीकडे कुठं हॉकीचा हंगाम तुळशीच्या लग्नावर ठरत असेल असं मला वाटत नाही. गोल वधूवरांच्या स्टेजसमोर. गोलकीपर स्वतः मोहनराव, कारण मागच्या भिंतीला त्यांनी महागड्या टाइल्स लावल्या होत्या आणि तिकडे येणाऱ्या प्रत्येक चकतीत त्यांचा जीव अडकलेला. बाकी आम्ही दहाबारा जण, रांजणगावच्या कंपन्यांतले शिफ्टवाले, एकदोन मास्तर आणि मी, चष्म्याचा दुकानदार. सगळे चाळिशीपुढचे, पोटं सुटलेली. दर रविवारी मी शिरूरहून निघायचो, निमोण्याला आप्पांना गाडीत घ्यायचो आणि दौंड गाठायचो.

पहिल्याच रविवारी आप्पांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि आपली वरची कवळी काढून दाखवली. पुढचे चार दात नव्हते. "ही अर्ध्या काचेची कमाई हाय," म्हणाले. डोळ्यांपुरती काच लावून खेळत होते, डोळे वाचले, दात बर्फावर. म्हणून नियम असा, की तोंड पूर्ण झाकल्याशिवाय फरशीवर पाय ठेवायचा नाही. त्यावर मी पुढे झालो. असल्या बाबतीत मला पुढे व्हायची फार हौस. शिरूरच्या एका क्रिकेटवाल्याकडून चार हेल्मेटं उचलून आणली, लोखंडी जाळीची, मजबूत. छाती फुगवून आप्पांसमोर ठेवली. आप्पांनी एक हेल्मेट हातात घेतलं, खिशातून चकती काढली, वरची टोपी आणि जाळी यांच्या मधल्या फटीतून ती आडवी धरून सरळ आत सरकवली. चकती आत जाऊन खळकन वाजली.

"चेंडूसाठी केलंय रं हे," म्हणाले. "चेंडू अडंल. चकती आत जाईल, काठीचं पातं आत जाईल. आन् आत काय असतंय? तुझा डोळा." सगळे हसले. मोहनराव तर इतके हसले, की चाकांवरून घसरून बसले. मला मात्र राग आला होता. आपण सगळे क्रिकेटवर वाढलेलो, हेल्मेट म्हटलं की तेच डोळ्यांसमोर येतं, त्यात माझं काय चुकलं? पण चुकलं होतं, हेही तेव्हाच कळलं होतं.

मग मी दुसरा हट्ट धरला, पूर्ण काचेचा. कपाळापासून हनुवटीपर्यंत आरपार, मजबूत प्लास्टिकची काच. मी काचेचा माणूस, सळयांच्या मागून जग कशाला बघू? शिवाय फोटोत तोंड दिसतं! ऑनलाइन मागवली. आप्पा म्हणाले, "वाईट न्हाई. लडाखात चालली आस्ती. हितं श्रावणात घालून बघ." पाच मिनिटांत आतून वाफ धरली. माझा चष्मा वेगळा धुरकटला, काच वेगळी. दुकानातलं वाफ धरू न देणारं औषध चोळलं, तर सात मिनिटं टिकलं. मी चकती समजून मोहनरावांच्या बुटावर काठी मारली. आप्पांनी बाकीच्यांना या खेळाच्या हेल्मेटवर बसणाऱ्या, चकती आत न शिरणाऱ्या तोंडभर जाळ्या निवडून दिल्या आणि निवडताना प्रत्येकाला उभा छळला. हनुवटी खालच्या वाटीत टेकली पाहिजे. पट्टा लावून मान जोरात हलवायची, हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं पाहिजे, मागं राहता कामा नये. एका जातीच्या हेल्मेटला दुसऱ्या जातीची जाळी लावायची नाही, भोकं पाडायची नाहीत. सळया काळ्या घ्यायच्या, चकाकत्या घेतल्या तर दिवे डोळ्यांत येतात. "धा मिनिटांनी सळया दिसायच्या बंद व्हतात," म्हणायचे, "बायकोची बडबड ऐकू यायची बंद व्हती तशा." हे ते स्वतःच्या बायकोसमोर, आक्कांसमोर, कधी म्हणाले नाहीत.

आणि शेवटचा नियम, ज्याच्यावरून पुढे सगळं झालं. जाळी एकदा वाकली की ती मेली. ठोकून सरळ करायची नाही, आठवण म्हणून ठेवायची नाही, भंगारात टाकायची. "घरात ऱ्हायली की कवातरी कोनतरी घालतंच. तिचं बळ गेलेलं आसतं, दिसत न्हाई."

एका रविवारी परतताना न्हावऱ्याच्या अलीकडे आप्पा एकदम म्हणाले, "शौकत, डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई ना तुला?" माझा पाय ब्रेकवर गेला. "डावीकडनं पास आला की तू आख्खी मान वळवतो. चार रविवार बघतोय मी." मी गाडी कडेला घेतली. लहानपणापासून माझा डावा डोळा आळशी आहे. अंधुक दिसतं, चष्मा लावून काही उपयोग नाही. बायको सोडून हे कुणाला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "आप्पा, पाया पडतो, कुणाला सांगू नका. चष्मेवाल्यालाच एका डोळ्यानं दिसत नाही म्हटल्यावर दुकानाची पायरी कोण चढेल?" ते म्हणाले, "मी कशाला सांगू? पर तुला एकच डोळा हाय. दोन डोळंवाल्यांची मिजास तू करायची न्हाई. जाळी घालशील तर खेळशील." आता हे छापूनच येतंय. येऊ दे. लपवून लपवून कंटाळलो मी.

तरी माझी खोड जाईना. भाद्रपदात आमचा एक मोठा सामना होता, पुण्याहून पाहुणा संघ आलेला, बायकापोरं बघायला आलेली, मोबाईलवर शूटिंग. मी पिशवीतून काच काढली. आप्पा आले, काच माझ्या हातातून घेतली आणि आपली जादाची जाळी पुढे धरली. "घाल. न्हाईतर बस खुर्चीवर, पावण्यांना पान वाटायला." चारचौघांत! मी रागानं लालबुंद. जाळी घातली, पण पहिला अर्धा खेळ आप्पांशी एक शब्द बोललो नाही. पास मागितला तरी नाही दिला, एवढा मी हलकट.

उत्तरार्धात पाहुण्यांपैकी कुणीतरी दुरून काठी ओढली. चकती मोहनरावांच्या पॅडवर आपटून उसळली. मला दिसली ती थेट तोंडासमोर. ठण्ण असा आवाज झाला, कार्यालयात ताट पडल्यासारखा, आणि मी फरशीवर. उजव्या डोळ्यासमोरची सळई आत वाकली होती. चष्म्याच्या काचेला टेकायला कणभर जागा राहिली होती, पण टेकली नव्हती. आप्पा गुडघ्यांवर बसले, माझं हेल्मेट काढलं आणि आपल्या तळहातानं माझा डावा डोळा झाकला. आयुष्यभर मी लोकांचे डोळे झाकून विचारत आलो, त्या दिवशी मला विचारलं गेलं. "किती बोटं?" मी म्हणालो, "तीन." "आता?" "एक." "आता?" बोटं थरथरत होती त्यांची. "आप्पा, हलवू नका, मग सांगतो," मी म्हणालो. तेव्हा ते उठले, तोंड फिरवून स्टेजकडे बघत उभे राहिले आणि पंचाला म्हणाले, "जरा थांबा, धूळ गेली डोळ्यात." पुसून काढलेल्या फरशीवर धूळ कुठली?

त्या संध्याकाळी त्यांनी बजावलं, उद्याच्या उद्या ती जाळी भंगारात. माझ्याच्यानं झालं नाही. दुकान उघडलं की कप्पा उघडून बघायचो, त्या वाकलेल्या सळईवरून बोट फिरवायचो आणि मग गिऱ्हाइकाकडे वळायचो. रोजचं समोरचं सगळं मला तिच्यामुळे दिसत होतं, ती भंगारवाल्याला कशी द्यायची? आणि आप्पांना सांगायची हिंमत होत नव्हती. म्हणून ते 'टाकली की'.

दहाव्याला निमोण्याला गेलो. सगळं आटोपल्यावर आक्कांनी आत बोलावलं. ट्रंक उघडी होती. "तुमी चाकाचं खेळनारे," म्हणाल्या, "हे तुमीच न्या, आमाला काय करायचंय." बूट, हातमोजे, दोन काठ्या, आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. उघडलं तर जाळी. जुनी, रंग उडालेली, गालापाशी दोन सळया आत दबलेल्या. आक्का म्हणाल्या, "दात गेल्यावर घेतली व्हती म्हनं. तिनं पुढं वाचीवलं लेहला. दर दिवाळीला काढायचे, पुसायचे, परत ठिवायचे. मी म्हनायची, भंगारात द्या की. तर म्हनायचे, हिला कशी दिऊ गं?"

मला हसू फुटलं. दहाव्याच्या दिवशी, त्या घरात, मी हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोन्हीही डोळ्यांतून. लबाड म्हातारा! आम्हाला रांगेत उभं करून दम देणारा हा माणूस घरी दिवाळीला वाकलेली जाळी पुसत होता. मग लक्षात आलं, जाळीचा हनुवटीखालचा पट्टा कापलेला आहे. दोन्ही बाजूंनी, कात्रीनं, सरळ. ठेवली होती, पण कुणाला घालता येणार नाही अशी करून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. खालच्या कप्प्यातून माझी जाळी काढली, कात्री घेतली आणि पट्टा दोन्ही बाजूंनी कापला. मोठ्यानं म्हणालो, "आप्पा, टाकली." समोर चष्मा निवडत बसलेल्या आजोबांनी वर बघितलं. "कोनाशी बोलताय?" मी म्हणालो, "आमच्या सुभेदारांशी." आणि दोन्ही जाळ्या काउंटरच्या वर, अक्षरांच्या तक्त्याशेजारी टांगल्या. आता डोळे तपासायला येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्याकडे बघतो आणि विचारतो, हे काय. मी सांगतो. डाव्या डोळ्याचंही सांगतो.