उजवीकडे कॅनडा, डावीकडे ऑस्ट्रेलिया

कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया, दोन्हीकडे कायमचं राहण्यासाठी मी एकदमच अर्ज केले होते. ‘इथेच स्थायिक होणार ना?’ या प्रश्नाला दोन्ही अर्जांत बेधडक ‘हो’ लिहिलं. उत्तर कुठूनच येईना, तेव्हा आईने देवाला कौल लावला. आमच्याकडे मूर्तीला दोन पाकळ्या पाण्याने चिकटवतात. आधी पडेल त्या बाजूचा कौल.

“पंखा लावू नकोस हं,” आई म्हणाली.

मी घामाघूम होऊन बघत बसलो. पाकळी हलल्याचा नुसता भास झाला तरी मी पुढे सरकून बघे. मी कुठल्या देशाशी खोटं बोललो, तेही आता ठरणार होतं.

तास गेला. एकही पडेना. शेवटी वाकून जवळून पाहिलं. आईने पाकळ्या पाण्याने नव्हे, चांगल्या दाट गंधाने चिकटवल्या होत्या.