बसलं म्हणजे जुळलं

देवरेभाऊंच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, व्हर्नियर असे. मसाटच्या एका सूत कारखान्यात ते स्टोअर सांभाळत. बेअरिंगा, पट्टे, नटबोल्ट यांच्यात सगळी हयात गेली, त्यामुळे दिसेल ती वस्तू मापून पाहायची सवय जडलेली. सरकारी शाळेत विज्ञान शिकवायला म्हणून मी राजापूरहून सिल्वासात आले, तेव्हा टोकरखाड्याच्या कॉलनीत त्यांच्या शेजारची खोली मला मिळाली. पहिल्याच आठवड्यात माझा कुकर वाफ सोडायला लागला. हे गृहस्थ ओळखदेख नसताना आत आले, झाकणाचं माप घेतलं, संध्याकाळी नवी रिंग आणून बसवली आणि अंगठ्याने दाबत म्हणाले, “बसली. बसली म्हणजे जुळली, बाई.” चहालाही थांबले नाहीत.

हे त्यांचं वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की त्याची चीड यायला लागली. कारखान्यात नवा माणूस लागला की विचारत, “बसला का?” माझी शाळेत कायम नेमणूक झाली तेव्हा पेढा घेत म्हणाले, “बसलात तुम्ही इथे.” मी म्हटलं, “देवरेभाऊ, मी काय वॉशर आहे?” ते हसले. चांगल्या मनाचा माणूस होता, पण जगाला आतून-बाहेरून मिलिमीटरमध्ये पाहणारा. एकुलत्या एका मुलीचं, रेखाचं लग्नही त्यांनी असंच जमवलं होतं. सुरतेजवळच्या उधन्याचं घर, जातीतलं, मुलाला मिलमध्ये नोकरी, सासऱ्याची गावाकडे शेती, मुलाची उंचीसुद्धा तिच्यापेक्षा बेताचीच जास्त. सगळी मापं बरोबर आली होती.

त्या उन्हाळ्यात रेखा माहेरपणाला आली ती परत जायचं नाव काढीना. भर वैशाखात मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालायची. मी विचारलं तर म्हणाली, “सवय झाली आता.” मला ते बरं वाटलं नाही आणि मी देवरेभाऊंना तसं सांगितलं. ते व्हर्नियरचा जबडा उघडत-मिटत बसले. मग म्हणाले, “नव्या जागी बेअरिंगसुद्धा आवाज करते, बाई. ग्रीस लागलं की गप बसते.”

हे ग्रीस त्यांनीच शोधून काढलं. मसाट-राखोलीच्या ऑफिसांमधून तेव्हा कम्प्युटर यायला लागले होते, आणि रेखाने लग्नाआधी टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या. पोरगी कम्प्युटर घेऊन सासरी गेली, घरबसल्या बिलं-पत्रं टाइप करून चार पैसे मिळवू लागली, की सासरचे तिला हातावर झेलतील, असा त्यांचा हिशेब. त्यांचे थोरले भाऊ नाना खानदेशात साक्रीकडच्या गावी राहत. सोयरीक त्यांच्याच शब्दावर झालेली. नानांनी उधन्याला निरोप पोचवला आणि ठरलं, की दसऱ्यानंतर सोयरे येतील आणि रेखाला मशीनसकट घेऊन जातील. तयार मशीन परवडणारं नव्हतं. देवरेभाऊ म्हणाले, “एवढ्या मोठ्या यार्नच्या मशिनी आम्ही खोलून जोडतो. हे डबडं नाही जुळणार?”

मग सुटे भाग यायला लागले. कॅबिनेट वापीहून, मदरबोर्ड आणि प्रोसेसर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, जुनी हार्डडिस्क कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातून. प्रत्येक वस्तू खाटेवर वर्तमानपत्र पसरून त्यावर मांडली जाई आणि मदरबोर्डचं इंग्रजी पुस्तक वाचायला मला हाक येई. मी वाचून सांगायची, की हा बोर्ड अमुकच प्रोसेसर घेतो, अमुकच जातीची मेमरी घेतो. ते मान डोलवत, पण खरा विश्वास स्वतःच्या अंगठ्यावर. एकदा मेमरीच्या पट्ट्या आणल्या त्या जुन्या जातीच्या, आखूड निघाल्या. बोर्डाच्या खाचेत बसेचनात. पुन्हा मुंबईची खेप पडणार म्हणून मी हळहळले, तर हे उलट खूश. “पाहिलंत? जुळत नाही ते बसतच नाही. मशीन खोटं बोलत नाही.”

रेखा दाराशी भाजी निवडत हे सगळं बघत असायची. एक दिवस तिने मला हळूच विचारलं, “बाई, अजून काय काय यायचं राहिलंय?”

मला वाटलं, पोरगी उतावीळ झाली आहे. मी म्हटलं, “पॉवर सप्लाय, मॉनिटर, कीबोर्ड. बरंच राहिलंय गं.”

“मग बरं,” ती म्हणाली आणि पुन्हा गवारीच्या शेंगा मोडू लागली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मशीन ज्या दिवशी सुरू होणार, त्या दिवशी हिचं इथलं राहणं संपणार होतं, आणि बाप एकेक भाग निरखून पारखून तो दिवस जवळ आणत होता.

पॉवर सप्लाय सगळ्यात शेवटी आला, वापीहून, नुसताच, कागदबिगद काही नाही. एका रविवारी जेवणं झाल्यावर देवरेभाऊंनी जोडणी केली. पॉवर सप्लायच्या वायरी दोन वेगळ्या पांढऱ्या प्लगांमध्ये आलेल्या, दोन्ही अगदी सारखे, आणि बोर्डावर ते शेजारी शेजारी लावायची एकच लांब जागा. त्यांनी लावले. खट खट असा आवाज झाला. अंगठ्याने दाबलं. “बसले,” म्हणाले, उदबत्ती लावली आणि बटण दाबलं. पंखा जेमतेम थरथरला. बोर्डाच्या एका कडेवरून धूर निघाला आणि जळक्या प्लास्टिकचा वास खोलीभर पसरला. रेखाच्या आईने धावत जाऊन प्लग ओढला. रेखा जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून ते बोर्ड घेऊन वापीला गेले. परत आले ते सरळ माझ्या पायरीवर बसले. रेखा माझ्याकडेच तांदूळ पाखडत होती.

“दुकानदार हसला मला,” ते म्हणाले. “म्हणाला, ‘काका, बेसे तो बन्ने रीते, पण काळा वायर वच्चे राखवाना.’ प्लग कसेही लावले तरी बसतात, पण दोन्हींच्या काळ्या वायरी मध्ये एकमेकींना लागून यायला पाहिजेत. मी कडेला टाकल्या.” स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. “पण बसले कसे हो, बाई? जरासुद्धा अडलं नाही. नीट बसले आणि जाळून टाकलं.”

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी मान वळवली. “रेखा, उधन्याला काय होतं? मला सांग.”

तिने सूप खाली ठेवलं. “आबा, तुम्ही दरवेळी ‘बसली का’ एवढंच विचारलंत. बसलेय म्हणून मी सांगत गेले.” मग तिने डावी बाही वर सरकवली. कोपरापर्यंत तापल्या उलथण्याचे डाग होते, काही जुने काळपट, काही अजून गुलाबी. देवरेभाऊंचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुसरा बोर्ड आणला. मशीन दसऱ्याच्या आधीच सुरू झालं. ठरल्याप्रमाणे सोयरे आले, नाना आले, गावची चार वजनदार माणसं आली. मी आत रेखाच्या आईबरोबर चहा करत होते. बाहेर सासरा कॅबिनेटवर हात फिरवून “मस्त बनावलं” म्हणत होता. देवरेभाऊ म्हणाले, पोरगी येणार नाही. एकच गलका उठला. इज्जत निघाली, समाज निघाला. शेवटी नाना धाकट्या भावाला अहिराणीत समजावत म्हणाले, “अर्जुन, पोर शे. बसी जाई हयूहयू.”

“बसी जाई नाना,” देवरेभाऊ म्हणाले. “पन जयी जाई.”

बसेल, पण जळून जाईल.  चहा तसाच राहिला. निघताना नाना उंबऱ्यातून म्हणाले, आजपासून तुझं-आमचं सुतक तुटलं, मेल्या-गेल्याचंही कळवायचं नाही.

ते शब्द नानांनी तंतोतंत पाळले. वर्षभराने देवरेभाऊंची आई गावी वारली. ही बातमी त्यांना राखोलीच्या कारखान्यात कामाला असलेल्या गावच्या एका माणसाकडून कळली, तीही दिवसकार्य उरकून गेल्यावर. कॉलनीच्या नळाखाली ते कपड्यांनिशी बसले आणि डोक्यावर बादल्या ओतत राहिले. पाण्यावरून ओरडणाऱ्या बायकाही त्या दिवशी गप्प राहिल्या. मग ते खंगत गेले. रेखाला मसाटच्या ऑफिसांचं काम मिळत होतं, घरात कीबोर्ड वाजत असायचा आणि ते भिंतीला टेकून तिच्याकडे बघत बसायचे. पश्चात्ताप झाला का, असं मी एकदा विचारलं. “आई भेटायला पाहिजे होती,” एवढंच म्हणाले. दोन हिवाळ्यांनंतर स्टोअरमध्येच छातीत कळ आली आणि संपले. दमणगंगेवर खांदा द्यायला बिहारी फिटर होते, गुजराती सुपरवायझर होता, आमच्या शाळेचे शिक्षक होते. त्यांच्या रक्ताचं पुरुषमाणूस एकही नव्हतं. मडकं रेखानेच धरलं.

तेराव्याला नाना आले. भिंतीवरच्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले, खरोखर रडले. खानदेशात अक्षय्यतृतीयेला, म्हणजे आखाजीला, गेलेल्या माणसाच्या नावाने मूळ घरी पाण्याची घागर भरतात. त्याशिवाय त्याची तहान भागत नाही असं मानतात. नाना रेखाजवळ बसले. “पोरी, उधन्याले चालनी जाय,” ते म्हणाले. “त्या अजून नांदवाले तयार शेतस. तू गयी म्हणजे सारं मिटी जाई. मग आखाजीले अर्जुननी घागर गावले भरसूत.” रेखा सासरी नांदायला गेली तरच गावी बापाची घागर भरली जाणार होती.

रेखाची आई तोंडात पदर कोंबून लेकीकडे पाहत होती. त्या बाईला काय हवं होतं ते तिच्या डोळ्यांत मला दिसत होतं, आणि तिला दोष द्यावा असं मला आजही वाटत नाही.

रेखाने नानांच्या पुढ्यातला रिकामा कप उचलला.

“आबांना तहानलेलं राहू द्या, नाना,” ती म्हणाली.