अंदमानात आग्रह नसतो

मंडळी, आधी चहा संपवा. हे ऐकताना ठसका लागतो, आणि ठसक्याचा दुष्परिणाम म्हणून काय काय होऊ शकतं ते मी स्वतः भोगून आलोय.

माणूस समुद्रात बुडतो, हे तुम्ही ऐकलं असेल. पण कोरड्या किनाऱ्यावर उभा राहून, निव्वळ आईबापांनी लावलेल्या चांगल्या वळणापायी बुडालेला माणूस पाहिलाय का? नसेल तर समोर बसलाय. नीट बघून घ्या.

झालं असं की आम्ही चौघं अंदमानला गेलो. मंग्या, त्याची बायको स्नेहल वहिनी, अक्की आणि मी. मंग्या बँकेत, अक्की कॉम्प्युटरमध्ये, वहिनी कॉलेजात शिकवतात. आणि मी? मी नववीतच शाळेला रामराम ठोकला. तेव्हापासून लासलगाव ते पार दिंडोरीपर्यंत लोकांच्या मळ्यात ठिबकच्या नळ्या जोडतो. ही मंडळी मला ते कधी जाणवू देत नाहीत. माझं मलाच जाणवतं, म्हणून मी गप्प असतो.

नाशकात इंदिरानगरच्या टपरीवर मंग्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. पाठीवर सिलिंडर, तोंडात नळी, आणि एक माणूस समुद्राच्या तळाशी बसून रंगीत माशांच्या गराड्यात. स्कूबा म्हणतात त्याला. तो व्हिडिओ मी रूमवर जाऊन किती वेळा पाहिला, ते विचारू नका! सारं आयुष्य दुसऱ्याच्या बागेत नळ्या टाकण्यात चाललंय, एकदा आपल्या तोंडात नळी धरून समुद्राचा तळ बघायचा. बस. दुसरं काही मागणं नव्हतं.

आणि गंमत म्हणजे आमच्या चौघांत पोहता येणारा मी एकटा. पाठीला पत्र्याचा डबा बांधून गावच्या विहिरीत शिकलोय. काठावरून मुटका मारायचा आणि तळाचा दगड घेऊन वर यायचं, हा आमचा खेळ. बाकीच्या तिघांना तर बादलीतलं पाणी खोल वाटतं!

आता तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठं?

अडलं वळणात. तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे पहिल्यांदा विचारल्यावर कोणी 'हो' म्हणतं का? पाहुण्याला चहा विचारा. "नको, आत्ताच झाला." परत विचारा. "नको हो, कशाला उगाच." तिसऱ्यांदा म्हणा, "असं कसं, घोटभर घ्याच," की मग तो बशी पुढे ओढतो. लहानपणी एकदा मी मामाच्या घरी पहिल्याच झटक्याला लाडू उचलला होता, तर आईनं असा चिमटा काढला की लाडू कडू लागला. "हावरटावानी काय करतो रं? दोनदा नाय म्हणावं मान्साने!"

ते माझ्या हाडात मुरलंय. भूक असो, तहान असो, पहिले दोन 'नको' आपोआप निघतात.

हॅवलॉक बेटावर आम्हाला शिकवायला जोसेफ नावाचा माणूस होता. काळासावळा, उन्हानं रापलेला, बोलायला एकदम सरळ. त्यानं आम्हाला किनाऱ्यावर ओळीत उभं केलं.

"स्कूबा कौन-कौन करेगा?"

"मैं!" मंग्या.

"मी! मी!" वहिनी तर उड्याच मारायला लागल्या.

अक्कीनं दोन्ही हात वर केले.

जोसेफ माझ्याकडे वळला. "आप?"

तो क्षण आला होता! आणि मी खाली मान घालून, अगदी शालीनपणे म्हणालो, "नहीं नहीं... रहने दो."

"ओके," जोसेफ म्हणाला आणि पुढे गेला.

पुढे गेला, म्हणजे खरंच गेला हो! माझा दुसरा 'नको' तोंडात तयार होता. तिसऱ्याला कसा लाजत लाजत हो म्हणायचा, तेही ठरलं होतं. पण दुसऱ्यांदा विचारायला माणूसच जागेवर नव्हता!

मी आशेनं त्याच्या मागे मागे फिरलो. त्याच्या नजरेसमोर येऊन उभा राहिलो. सिलिंडरकडे प्रेमानं पाहिलं. शेवटी त्याचं लक्ष गेलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आला आग्रह!

"डर लगता है ना? कोई बात नहीं भाई. सबको लगता है. आपको काच वाली बोट में बिठाता हूं."

काचेची बोट म्हणजे काय, तर तळाला काच लावलेली होडी. पाणी न लागता मासे दिसतात. तीत दोन गुडघेदुखीवाले आजोबा, तीन लहान पोरं, एक बंगाली मावशी आणि विहिरीचा तळ गाठणारा मी.

मावशींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "बेटा, तुमको क्या हुआ है?"

"कुछ नहीं हुआ."

"चेहरा कैसा उतर गया है. बोट लगता है तुमको. ये गोली खा लो, उल्टी नहीं होगा."

"नहीं नहीं, मावशी."

"अरे, खाओ!"

"नको हो, कशाला..."

"ऐसे कैसे? खाना पड़ेगा!"

झालं. तिसऱ्यांदा आग्रह झाला. आता नाही म्हणणं म्हणजे त्या माउलीचा अपमान! मी गोळी गिळली. अख्ख्या अंदमानात आग्रह करणारी ही एकच बाई, आणि ती भेटली तीही गोळी घेऊन!

त्या गोळीनं उलटी थांबते की नाही, माहीत नाही. झोप मात्र लागते. होडी प्रवाळांवर पोहोचली तेव्हा मी काचेवर कपाळ टेकून घोरत होतो. माझ्या नाकाखालून म्हणे मोठं कासव गेलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. मला कळलंच नाही.

संध्याकाळी तिघं पाण्याबाहेर आले ते वेगळ्याच जगातून आल्यासारखे. "पिवळे मासे!" "अरे, तो निळा!" आणि मी कपाळावर काचेच्या चौकटीचा वळ घेऊन बसलेलो.

"सोप्या, तू का नाही आलास?" मंग्यानं विचारलं. माझं नाव सोपान, पण ते आता आधार कार्डापुरतंच.

"त्यांनी परत विचारलंच नाय."

"परत?"

"म्हणजे... एकदाच विचारलं ना. मी नको म्हणालो."

मंग्यानं कपाळावर हात मारला. "अरे येड्या! तो परत कशाला विचारेल? तू काय त्याचा व्याही आहेस, मांडवात रुसून बसलेला?"

वहिनी हसून हसून वाळूत बसल्या. मग त्यांनाच कणव आली. "अहो भाऊजी, उद्या सकाळी आपण पुन्हा जाऊ. पण उद्या चुकायचं नाही हं."

अक्कीनं मला बाजूला घेतलं. "हे बघ, सोपं आहे. जोसेफनं काहीही विचारलं की लगेच हो म्हणायचं. पहिल्या फटक्यात. विचार करायचा नाही. तू विचार करायला लागलास की तुझ्यातली आई जागी होते."

"काहीही विचारलं तरी?"

"काहीही! हो म्हणजे हो!"

मी झोपेपर्यंत पुटपुटत होतो. हां. हां जी. हां.

सकाळी किनाऱ्यावर पोहोचलो तर तिघं कपडे बदलायला खोपटात गेलेले. ते रबराचे घट्ट कपडे असतात ना, ते वहिनींच्या कोपरात अडकले होते, म्हणून आतून नुसती आरडाओरड. बाहेर मी आणि जोसेफ.

"आज जाना है?"

"हां!" असा ओरडलो की झाडावरचे कावळे उडाले.

जोसेफ खूश झाला. "अरे वा! बस, तबीयत का पूछना पड़ता है सबको. एनी ब्रीदिंग प्रॉब्लेम?"

इंग्रजी आणि आपलं वाकडं. पण प्रश्न होता, एवढं नक्की. आणि प्रश्नाला काय म्हणायचं ते पाठ होतं.

"हां जी!"

जोसेफचं हसू जरा कमी झालं. "दमा?"

"हां!"

"कान का ऑपरेशन?"

"हां!"

"चक्कर आता है? बेहोश?"

"हां जी, हां!" मला तर जोरच चढला होता. बघा म्हटलं, एकाही प्रश्नाला लाजलो नाही! आई पाहत असती तर चिमटे काढून काढून थकली असती.

जोसेफनं आवाज अगदी मऊ केला. "भाई... हार्ट का भी कुछ है?"

दम्यापासूनचे हे सगळे शब्द मला कळत होते. खरं सांगतो, कळत होते. पण तोवर जिभेला लय सापडली होती.

"हां!"

जोसेफनं चक्क मला मिठी मारली. "आप बहुत हिम्मत वाला आदमी है. इस हालत में भी घूमने निकला."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. "नहीं नहीं नहीं! मेरेको कुछ नहीं हुआ! मैं एकदम तंदुरुस्त!"

"हां हां, बिल्कुल," जोसेफ म्हणाला आणि ओरडला, "ए, कुर्सी लाओ! छाता लाओ!"

आणि मंडळी, काय सांगू! ज्या आग्रहासाठी मी काल दिवसभर तरसलो, तो आता चहूबाजूंनी आला. "बैठो." "नहीं, मैं ठीक हूं." "अरे बैठो ना!" "नहीं." "बैठना पड़ेगा!" शहाळं आलं. टॉवेल आला. कोणीतरी पायाखाली स्टूल सरकवलं. बंगाली मावशी कुठूनशा प्रकट झाल्या आणि तळहातानं वारा घालायला लागल्या. "मैंने कल ही बोला था, इसका चेहरा ठीक नहीं!"

तेवढ्यात आमचे तिघं खोपटातून निघाले आणि दुसऱ्या एका शिकवणाऱ्यानं त्यांना घाईघाईनं होडीत बसवलं.

"सोप्या, चल की!" मंग्या ओरडला.

"आपका दोस्त इधर ही बैठेगा, आप चिंता मत करो!" जोसेफनं इकडून हात हलवला.

"का रे? काय झालं?"

"मंग्या, सांग याला! मला काय..." पण होडीचं इंजिन सुरू झालं होतं. माझा समुद्र, माझे मासे, सगळं फटफट करत दूर निघालं. दुपारी परतीची बोट होती. आता नाही तर कधीच नाही!

मी जोसेफला समजावायला लागलो. माझं हिंदी तुम्ही ऐकलंयच. "साहब, मैं लहानपण से विहीर में मुटका मारता! एकदम तळ को जाके दगड लाता!"

"हां, हां. लंबी सांस लो."

म्हटलं, आता बोलून उपयोग नाही. करून दाखवायचं. समोर लाकडी धक्का होता, पाणी चांगलं खोल, निळंशार. मी शहाळं मावशींच्या हातात दिलं, उठलो आणि पळत सुटलो.

"अरे! पकड़ो उसको!"

धक्क्याच्या टोकावरून असा मुटका मारला म्हणता! आमच्या विहिरीवर असता तर पोरांनी शिट्ट्या मारल्या असत्या. इथंही शिट्ट्या वाजल्या. पण त्या वेगळ्या होत्या.

मी खाली गेलो आणि तिथंच थांबलो. माझा हिशोब साधा होता. जेवढा जास्त वेळ श्वास धरून पाण्यात राहीन, तेवढी त्यांची खात्री पटेल की याला दमाबिमा काही नाही. वर लोक किंचाळत होते, त्याचा अर्थ मी लावला की चकित झालेत. मग मी आणखी थोडा थांबलो!

मासे बघायला डोळे उघडले. विहिरीचं पाणी गोड असतं हो. हे असं झोंबलं, की पुढचं सगळं धूसर. त्या धुसरात मला मोठे मोठे काळे आकार माझ्याकडे झेपावताना दिसले. देवमासे म्हणावं तर त्यांना हात होते.

एकानं काखेत हात घातले, दुसऱ्यानं केस धरले.

"छोड़ो मेरेको! मैं ठी..." एवढं म्हणायला तोंड उघडलं आणि अर्धा समुद्र आत गेला. मग खोकला. असा खोकला, की दमेकरी लाजावा.

"घबरा गया है! कसके पकड़ो!"

वाळूवर आडवा टाकला. जोसेफनं पाठ चोळली. मावशी रडत होत्या. मी हात हलवून नको नको म्हणत होतो, पण माझ्या 'नको'वर आता कोणाचाच विश्वास राहिला नव्हता. कोणीतरी सिलिंडर ओढत आणला आणि त्याची नळी माझ्या तोंडाला लावली.

"सांस लो, भाई. धीरे धीरे. निकालना नहीं."

मी घेतला. काय करता? वर निळं आभाळ, आणि माणसांच्या गराड्यात मी. माझ्याकडे बोट दाखवून पोरं एकमेकांना काहीतरी सांगत होती.

मंग्याची होडी परत आली तेव्हाही मी तसाच होतो. तो धावत आला, त्यानं जोसेफचं सगळं ऐकलं आणि मग माझ्याशेजारी वाळूत गडबडा लोळला. वहिनींना हसू आवरेना. अक्की मात्र लांबच उभा होता, त्याचीच शिकवण ना! शेवटी मंग्यानं जोसेफला खरं काय ते सांगितलं. जोसेफ माझ्याकडे बघत म्हणाला, "तो पहले बोलने का ना!" आणि तरीही, खबरदारी म्हणून, नळी काही काढली नाही.

आता नाशकात जो भेटतो तो विचारतो, "काय सोपानराव, स्कूबा केलं का?" मी खोटं बोलत नाही. छाती पुढे काढून सांगतो, आमच्या चौघांत सगळ्यात जास्त वेळ सिलिंडरवर मीच होतो.