धुऊन काढलेली मालती

मालती गेल्याची बातमी मला गाण्यासकट आली. सकाळी चहा घेता घेता मोबाइल उघडला, तर वर गाणं, खाली मजकूर. आमच्या वयाच्या बायका आधी गाणं लावतात आणि मग चष्मा शोधतात. लावलं. कुणीतरी बाई भीमपलासी आळवत होती... आळवत कसली, विहिरीत पडून हाका माराव्यात तशी घुमत होती. तंबोरा नाही, श्वास नाही, प्रत्येक सूर कडक इस्त्री करून घडी घातल्यासारखा. "शी! काय हे ओंगळ," मी मोठ्यांदा म्हणाले, चष्मा चढवला आणि वाचलं : 'आई काल गेली. हे तिचं एकमेव रेकॉर्डिंग. सर्वांनी ऐकावं, पुढे पाठवावं. – सुनील.'

चहा तसाच राहिला. दुःख नंतर आलं. आधी आली ती किळस, आणि तिच्यामागून भीती. जन्मभराच्या मैत्रिणीचा आवाज मला ओळखू आला नव्हता. मग ज्यांनी तिला कधी पाहिलंच नाही त्यांच्यासाठी मालती म्हणजे हे असलं काहीतरी उरणार?

आमची ओळख गिरगावातल्या गाण्याच्या क्लासातली. मास्तर मला म्हणाले होते, "नलू, तू श्रोता उत्तम होशील." ते मला हाकलत होते हे कळायला माझं लग्न होऊन दोन मुलं व्हावी लागली. तोवर मी ते कौतुक म्हणून सांगत हिंडले. मालती मात्र शिकली आणि लग्न करून लालबागच्या चाळीत गेली. नवरा, दत्तारामभावोजी, मालवणकडचा, गिरणीत साच्यांवर कापड विणणारा. मग संप झाला. भोंगे गप्प झाले, भावोजी घरी बसले, आणि दुबईच्या दिराने आणलेला टेपरेकॉर्डर तेवढा त्या घरात कामावर होता. अशाच एका दुपारी भावोजींनी तिचं गाणं टेप केलं. तिने मैफल कधी केली नाही, त्यामुळे तेवढंच.

मी तेव्हा कॅसेटींची पिशवी घेऊन गावभर मिरवायची. खाजगी मैफलींच्या प्रती, प्रतींच्या प्रती, या हातातून त्या हातात, फुकट. रागांची नावं येत होती पाच, मान डोलायची पन्नास रागांना.

"अगं, दुर्मीळ आहे!" मी दारातूनच ओरडायची.

"दुर्मीळ तर आमच्याकडे सध्या साखरही आहे," मालती म्हणायची. "लाव."

आणि लावलं की ती गाणाऱ्याकडे लक्षच द्यायची नाही. आधी तंबोरा ऐकायची, मग श्रोत्यांतला खोकला. एकदा एका थोर बाईंची टेप मी नेली. केवढी वरची पट्टी, म्हणून अर्ध्या गिरगावाला ऐकवून झाली होती. मालतीने कान लावला. "हा खोकणारा बाप्या ऐक. बाप्या असा चिमणीसारखा खोकतो का गं? टेप पळतेय. बाई बिचारी आपल्या पट्टीतच गातेय, तुमचं यंत्र तिला पळवतंय." मी म्हटलं, मला वाटलंच होतं. काय वाटलं होतं, कपाळ! महिनाभर त्याच चिमणीसमोर मी डोळे मिटून मान हलवली होती.

पुढे मोबाइल आले आणि माझी पिशवी अथांग झाली. मी सकाळ-संध्याकाळ गाणी पाठवायची, खाली हात जोडलेले, 'अप्रतिम'. तिचा फोन यायचा, "नले, फुकट मिळालेला बांगडासुद्धा आपण कल्ला उघडून बघतो. कानात मात्र काहीही ओततेस? खरखर असू दे. खरखर काढायच्या नादात हे लोक गाणंच खरवडून काढतात."

आणि तिच्याच लेकाने तिला खरवडलं.

तेरावं झाल्यावर मी लालबागला गेले. चाळीच्या जागी आता टॉवर आहे. सुनीलने दारातच विचारलं, "मावशी, ऐकलंस ना?"

"तंबोरा कुठाय रे?"

"ते घूं घूं? ॲपने नॉइज म्हणून काढलं. आईचे काही सूर हलत होते, तेही सरळ केले."

"ती मींड होती, गाढवा!"

पन्नाशीच्या माणसाचा चेहरा शाळकरी झाला. "ती आजारी असताना करत बसायचो गं... तिला ऐकवायचं राहिलं." वाचली बिचारी, हे माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं.

पंख्याखाली खुर्चीत भावोजी बसले होते. त्यांना अजून काहीच ऐकवलं नव्हतं. सुनीलने मोठ्या हौसेने स्पीकर लावला. भावोजींनी थोडा वेळ ऐकलं आणि मला विचारलं, "ह्यां कोण गाता गो?"

"बाबा, आई आहे!"

"छट्. तुझी आवस अशी कधी गाऊक नाय."

सुनील खाली बसला. मी म्हटलं, "मूळचं आहे का, न धुतलेलं?" होतं. लावलं. खरखर. जिन्यातलं भांडण. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. मग तंबोरा, आणि त्यात हळूच येऊन बसलेला, थोडा जाडसर, जरा नाकातला... मालतीचा आवाज. भावोजी हलले नाहीत. आलाप रंगात आला आणि एकदम थांबला. मालती खेकसली, "अहो, कितीदा सांगू? पंखा बंद करा! सगळा तंबोऱ्यात शिरतोय!"

"हे मी कापलं होतं," सुनील पुटपुटला.

भावोजी उठले. भिंत धरत धरत बटणापर्यंत गेले, पंखा बंद केला आणि परत येऊन खुर्चीत बसले. मालती पुन्हा गायला लागली.

मे महिन्याची दुपार, आम्ही तिघेही घामाने निथळत होतो. सुनील माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मावशी, हेच पाठवू सगळ्यांना? ओरडण्यासकट?"

"ओरडण्यासकट."

"आणि पंखा? लावू का आता?"

"गाणं संपू दे," मी म्हटलं.